तीस गाण्यांचं पारायण: विधी, पथ्यं आणि पळवाटा

आवडत्या रॅपरचा नवा अल्बम आला, पाव शतकाच्या घरातली गाणी निघाली आणि चौदाव्या गाण्यापाशी आपण सोसायटीच्या मेन्टेनन्सचा विचार करतोय असं लक्षात आलं, तर घाबरू नये. हे मार्गदर्शन अशाच श्रोत्यांसाठी आहे. ज्यांना तो रॅपर मुळातच आवडत नाही त्यांनी वाचायची गरज नाही. त्यांचं चौथ्या गाण्यालाच भागतं.

सरावासाठी सीधे मौत या रॅप जोडीचं 'लंच ब्रेक' (२०२३) घ्यावं. दिल्लीच्या अभिजय नेगी आणि सिद्धांत शर्मा या जोडीने 'बयान' या अल्बमपासून (२०१८) आपल्याला एकेक ओळ मागे घेऊन ऐकायची सवय लावली, आणि मग अशा मुरलेल्या कानांवर एकदम तीस गाणी सोडली. एवढी मोठी जेवणाची सुट्टी फक्त सरकारी कचेरीत मिळते. कोणी लांबीची तक्रार केलीच तर लगेच सांगावं, "हा अल्बम नाहीच, मिक्सटेप आहे." या उत्तराने काहीही सिद्ध होत नाही, पण समोरचा गप्प बसतो.

स्थळ नीट निवडावं. खारघरकरांना नवी मुंबई मेट्रो सोयीची. बेलापूर ते पेंधर अकरा किलोमीटर, अकरा स्टेशनं. उत्सव चौकात चढलं की पेंधर येईपर्यंत पाच-सहा गाणी होतात, आणि तेवढ्याच डोसात ही जोडी अफलातून वाटते. हार्बर लोकलने सीएसएमटीला जाणाऱ्यांना तासाभराहून थोडा जास्त वेळ मिळतो, पण त्यातही कान्ये वेस्टचा 'डोंडा' (२०२१) मावत नाही. सत्तावीस गाणी, १०८ मिनिटं. गाडी रिकामी झाली तरी अर्ध्या तासाहून जास्त शिल्लक. नासचा 'इलमॅटिक' (१९९४) मात्र चाळीस मिनिटांच्या आत आटोपतो, कुर्ल्याच्या आसपास. तिथून पुढे काय करायचं, तर तोच पुन्हा लावायचा. खारघरच्या सेंट्रल पार्कात चालताना रॅप ऐकणं टाळावं. मान हलते आणि ओळखीचे काका थांबवून स्पॉन्डिलायटिसचा डॉक्टर सुचवतात.

एका बैठकीत सगळं उरकू नये. गुरुचरित्राच्या सप्ताहातही रोज किती अध्याय वाचायचे हे ठरलेलं असतं. इथेही रोज चार-पाच गाणी, मोबाइल उलटा ठेवून. रात्री बारा वाजता अल्बम आला आणि पावणेएकला 'क्लासिक' असं स्टेटस टाकलं, तर ते पारायण धरलं जाणार नाही. गणित तरी जमायला हवं.

आता लांबीचं कारण. हे ठाऊक असलं की राग कमी होतो, निदान त्याची दिशा बदलते. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटंच बरी मावत, त्यामुळे गाणी गाळणं भाग होतं. सीडीने ७४ मिनिटं दिली. मग २०१४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत बिलबोर्डने अल्बममधली गाणी स्ट्रीमिंगवर मिळून १५०० वेळा ऐकली गेली की एक अल्बम खपला असं धरायला सुरुवात केली. दहा गाण्यांच्या अल्बमला त्यासाठी दीडशे फेऱ्या लागत, तीस गाण्यांच्याला पन्नास. 'लंच ब्रेक' याच हिशोबाने लांबलं असं माझं म्हणणं नाही. त्या दोघांना खरंच इतकं बोलायचं असावं. पण थांबवणारं मात्र कोणी उरलेलं नाही.

घरातल्या मोठ्यांनी "आमच्या वेळी असं नव्हतं" म्हटलं तर अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'सौभद्र' काढावं. १८८० च्या दशकातलं संगीत नाटक, पदं शंभराहून जास्त. पुढच्या मंडळींनी ती गाळत गाळत रात्रभराचा प्रयोग एका संध्याकाळपुरता केला. मोठी माणसं यावर एखादं पद गाऊन दाखवतात. ते पूर्ण ऐकावं.

तर गाळण्याचं काम आता आपल्याकडे. पारायण संपलं की दहा गाण्यांची प्लेलिस्ट करावी, बाकीची निर्दयपणे सोडून द्यावी आणि यादी शिल्प चौकात चहा घेताना मैत्रिणीला दाखवावी.

"'खट्टा फ्लो' कुठंय?"

"कापलं."

"वेडा आहेस का? आणि हे कशाला ठेवलंस? हे तर मी पहिल्यांदा उडवलं."

यावर वाद घालू नये. तिची दहा पाहावीत. त्यातली दोनच आपल्याशी जुळतात, आणि उरलेली आठ पुन्हा ऐकल्यावर, च्यायला, बरी निघतात. दोन्ही याद्या एकत्र केल्या की अठरा होतात. तिचा धाकटा भाऊही ऐकतो असं कळल्यास त्याची यादी कोणत्याही परिस्थितीत मागू नये.