देऊळ फिरलं, ट्रॉली फिरेना

औंढ्याचं नागनाथाचं देऊळ नामदेवांसाठी फिरलं, अशी आख्यायिका आहे. पुजाऱ्यांनी त्यांना कीर्तनासाठी मागच्या बाजूला पिटाळलं, तर देवळानंच तिकडं तोंड केलं. नंदी तेवढा जागचा हलला नाही, म्हणून तो आजही पाठीमागे. त्याच औंढ्यात एका जानेवारीत प्रस्तुत लेखकाच्या ट्रॉलीला फक्त दहा फूट मागं यायचं होतं. ती आली नाही.

2021 साली राज्य सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून लेखकाच्या डोक्यात चाकांवरचं घर शिरलं होतं. ते परवडणारं नव्हतं. पण हिंगोलीच्या दाजींकडे ट्रॅक्टर, ट्रॉली आणि ताडपत्री होती. ट्रॉलीत माणसं नेणं कायद्यात बसत नाही. तेव्हा संसार ट्रॉलीत, माणसं मागून जीपमध्ये, रात्री मुक्कामाला सगळे ताडपत्रीखाली. मार्ग लेखकानं आखला: हिंगोली, नर्सी, परत हिंगोली, औंढा, वसमत. त्यासाठी आठ दिवस आणि तीन रंगांची पेनं लागली.

दाजींनी कागद उलटसुलट करून पाहिला. "पावणं, यात वळायची जागा कुठं दाखवली?"

लेखकाला प्रश्न अडाणीपणाचा वाटला.

नर्सीला दर्शन झालं, हुरडा झाला, रात्री थंडीनं सगळ्यांचे दात वाजले.

औंढ्यात मोबाइलनं दाखवलेला जवळचा रस्ता गल्लीत शिरला आणि एका ओट्यापाशी संपला. मागं घेताना स्टिअरिंग डावीकडं वळवलं की ट्रॉली उजवीकडं जाते. जरा जास्त वळवलं की ट्रॅक्टरच्या कुशीत मुडपते. दाजींना हे येत होतं. मागं उभं राहून हात दाखवणाऱ्यालाही यावं लागतं, आणि तो हात लेखकाचा होता. "डावीकडं घ्या!" तो ओरडला. कुणाच्या डावीकडं, हे ठरेपर्यंत एका घराची पन्हळ खाली आली. गल्ली गोळा झाली. प्रत्येकाला ट्रॉली चालवता येत होती, म्हातारीलासुद्धा. शेवटी पिन काढली, आठ जणांनी दांडी उचलली आणि ट्रॉली रेटत गल्लीबाहेर नेली. पन्हळीचे पैसे लेखकानं भरले.

औंढ्याजवळच गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो' वेधशाळा व्हायची आहे. 2023 मध्ये केंद्रानं तिला 2,600 कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि प्रोटॉनहून कितीतरी बारीक हालचाल पकडायची. जमिनीचा थरथराट तिथं चालत नाही. ती तेव्हा सुरू असती, तर ट्रॉलीच्या धडधडीनं दोन कृष्णविवरं आदळल्याची बातमी फुटली असती.

वसमतच्या वाटेवर चहाला थांबले, तर शेजारी ऊसतोडीची टोळी. एक फड संपवून दुसऱ्याकडं निघालेली. ट्रॉलीत कोपीचे बांबू, पत्र्याची पेटी, टोपलीखाली कोंबड्या, आणि गोधडीतून बाहेर आलेला एक इवलासा पाय. नवरा-बायको मिळून मुकादमाच्या वहीत 'एक कोयता' लिहिले जातात. टोळीतली एक बाई लेखकाच्या ताडपत्रीकडं, भांड्यांकडं बघत राहिली.

"तुमी कोन्या कारखान्यावर?"

"नाही, असंच. फिरायला."

तिला ते ऐकू गेलं नसावं. "उचल केवढी घेतली?" तिनं विचारलं. लेखकानं चहा संपवायला फार वेळ लावला.

औंढ्याला ट्रॉली घेऊन जाणाऱ्यांनी ती मोठ्या रस्त्यालाच लावावी आणि देवळाकडं पायी जावं.