टाकीत बाथरूमचं सिलिकॉन भरणाऱ्या मिस्त्रींना खुलं पत्र



टाकीतला दगडांचा डोंगर जन्मात हलणार नाही, असं तुम्ही सांगितलं होतं. शब्दाला जागलात. डोंगर जागच्या जागी आहे, मासे तेवढे गेले. गप्पी आणि मॉली वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले तेव्हा तुम्हाला फोन केला, तर तुम्ही म्हणालात, “नवीन पाणी आहे, होईल सवय.” पाणी आमच्याच बोअरचं होतं. त्याच पाण्यावर दुसऱ्या टाकीतले मासे आजही धडधाकट फिरताहेत. सवय करून घ्यायला या टाकीतलं सकाळी कुणी उरलं नव्हतं.

तुम्ही विसरून गेलेली रिकामी नळी खिडकीत सापडली. तिच्यावर ठळक लिहिलंय: अँटी-फंगल, बाथरूम आणि किचनसाठी. वाचता येत नाही म्हणावं, तर बिल तुम्ही सुवाच्य अक्षरात दिलंय.

नुसत्या सिलिकॉननं बुरशी मरत नाही, मिस्त्री. त्यासाठी त्यात बुरशीनाशक घालतात. काही सीलंटमध्ये कार्बेन्डाझिम, काहींत झिंक पायरिथिऑन. जुन्या काही प्रकारांत तर आर्सेनिकचं संयुग असायचं. कार्बेन्डाझिम म्हणजे काय, हे मोडनिंबच्या द्राक्ष-डाळिंबवाल्यांना समजावून सांगावं लागत नाही. फवारणीचा पंप विहिरीत धुवायचा नाही, हे इथलं शाळकरी पोरही जाणतं. तुम्ही औषध थेट पाण्याच्या तळाशी चिकटवून आलात. बाथरूमच्या कोपऱ्यात ते हळूहळू सुटतं आणि मोरीतून वाहून जातं. टाकीतलं कुठं जाणार? मासा त्याच पाण्यात कल्ल्यांनी श्वास घेतो आणि फिल्टर तेच पाणी फिरवून पुन्हा त्याच्यापुढं आणतो.

आणि घाई किती! दुपारी लावलं, संध्याकाळी पाणी भरलं. सिलिकॉन हवेतला ओलावा घेत बाहेरून आत वाळतं, साधारण दिवसाला दोन ते तीन मिलिमीटर. तुम्ही दगडाखाली लिंबाएवढे गोळे भरले होते. ते वरून घट्ट झाले तरी आत कच्चेच होते, आणि या प्रकारचं कच्चं सिलिकॉन ॲसेटिक ॲसिड सोडत राहतं. घरभर व्हिनेगरसारखा वास सुटला होता तो त्याचाच. फवारणीनंतर द्राक्ष तोडायला किती दिवस थांबायचं, हे बागाईतदार पाळतो, कारण खाणारा माणूस असतो. मासा तक्रार करत नाही म्हणून त्याच्यासाठी थांबायचं नाही?

जे लावायला हवं होतं ते महागही नाही. टाकीच्या काचा ज्यानं जोडतात तेच शंभर टक्के सिलिकॉन, बुरशीनाशक नसलेलं, शक्यतो नळीवर ‘ॲक्वेरियम’ असं स्पष्ट छापलेलं. नुसत्या वासावर जाऊ नका. व्हिनेगरचा वास बुरशीरोधक सिलिकॉनलाही येऊ शकतो. दगड घासून, धुऊन, कोरडा करून थर पातळ द्यायचा, निदान दोन-तीन दिवस वाळू द्यायचा, थर जाड असेल तर आठवडाभर. मग पाणी भरून ते ओतून द्यायचं आणि त्यानंतरच मासे. मॉस किंवा अनुबियासचं रोप लाकडावर बसवायचं असेल तर सायनोॲक्रिलेट, म्हणजे फेविक्विकच्या जातीचा गोंद, थेंबभर पुरतो. जेल मिळालं तर उत्तम, ओघळत नाही. तो ओलाव्यानंच आवळतो, म्हणून ओल्या लाकडावरही धरतो. एकदा पक्का झाला की गोड्या पाण्यात त्याचा त्रास होत नाही. दोन नळ्यांचं इपॉक्सी वापरलंत तर दोन्ही भाग सांगितलेल्या प्रमाणात, नीट एकजीव करा, नाहीतर न मुरलेला हार्डनर पाण्यात उतरतो. पांढरा फेव्हिकॉल पाण्यात मऊ पडतो आणि चपलेचं सोल्यूशन टाकीपासून लांबच ठेवा.

दगडांचंही पाहा. त्या डोंगरातले पांढुरके खडे चुनखडीचे आहेत. आपल्या काळ्या रानात ते पायलीनं सापडतात, पण पाण्यात चुना सोडून ते आधीच जड असलेलं बोअरचं पाणी आणखी जड करतात. व्हिनेगरचे थेंब टाकल्यावर फेसाळला तो दगड बाजूला, शांत राहिला तो काळा बेसाल्ट आत.

आता कामाचं बोलतो. तुमची उरलेली मजुरी मी देणार नाही. तुम्ही यायचं, डोंगर फोडायचा, सिलिकॉनचा कण न् कण ब्लेडनं खरवडायचा. सिलिकॉन लागलेले दगड आणि तळाची वाळू टाकून द्यायची, फिल्टरचा स्पंज नवा घालायचा. आणि ज्या ज्या घरी, दुकानी तुम्ही हीच नळी टाकीत वापरली असेल, तिथं या आठवड्यात स्वतः जाऊन सांगायचं: सजावट बाहेर काढा, निम्मं पाणी बदला, फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन टाका. तिथले मासे अजून जिवंत असतील.