रेषा उलटली हो!

१४ ऑगस्ट २०१९. अमेरिकेच्या दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा दोन वर्षांच्या रोख्यापेक्षा खाली घसरला. म्हणजे परताव्याची रेषा उलटली, आणि ती उलटली की मंदी येते असे मानतात. फरक टक्क्याच्या दोन-चार शतांशांचा, पण डाऊ जोन्स ८०० अंकांनी गडगडला. सकाळपर्यंत रोखा कशाशी खातात हे ज्यांच्या गावीही नव्हते, ते संध्याकाळी मंदीचा मुहूर्त काढू लागले. ट्रम्प फेडरल रिझर्व्हवर खापर फोडून मोकळे झाले.

२०२० मध्ये मंदी आली खरी. दोन महिन्यांची, करोनाची. रेषेच्या भक्तांनी तेही श्रेय पदरात पाडून घेतले. रोखेबाजाराला विषाणूची चाहूल आधीच लागली असणार!

जुलै २०२२ मध्ये रेषा पुन्हा उलटली, ती दोन वर्षांहून अधिक काळ तशीच. मार्च २०२३ मध्ये तर फरक एक टक्क्यापलीकडे, १९८१ नंतर प्रथमच इतका. मंदी काही फिरकली नाही. सामान्य माणूस जानेवारी २०२३ मध्ये डझनाला पावणेपाच डॉलरच्या वर गेलेल्या अंड्यांनी बेजार होता. पण अंड्यांच्या भावाच्या आलेखाला कोण पुसतो? सप्टेंबर २०२४ मध्ये रेषा सरळ झाली, तेव्हा जाणकार म्हणाले, ‘खरा धोका आता. मंदी रेषा उलटताना नव्हे, सरळ होताना येते.’