काकांचे ४७, वहिनींचे ३३

अहो, ऐकलंत का? थोडंफार तुमच्या कानावर आलंच असेल म्हणा, पण आतली गोष्ट माहीत नसणार. या जरा अशा भिंतीच्या सावलीला. कोपऱ्यावरचे बँकेतले काका आणि दुबईवाल्या वहिनी, बोलणं बंद! पाण्याच्या टँकरवरून नाही, पार्किंगवरून नाही. तापमानावरून!

खरंच सांगते. काकांच्या जावयाने ते यंत्र आणून दिलं ना, सेन्सर बाहेर आणि स्क्रीन घरात, ते. तेव्हापासून रोज दुपारी कॉलनीच्या ग्रुपवर काकांचा फोटो. "आज ४७.२! काळजी घ्यावी." खाली हात जोडलेले. आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चिकलठाणा वेधशाळेचा आकडा एक्केचाळीस नि काहीतरी. कुणीतरी विचारलं, तर काका म्हणे, "वेधशाळा विमानतळाकडे, मोकळ्यावर. आपल्या सिडकोतलं ऊन तिला काय कळणार?"

इकडे वहिनींच्या मुलाने दुबईहून तसलंच पाठवलं, जरा भारीतलं. त्यात हीट इंडेक्ससुद्धा. ते हो, हवेतला दमटपणा धरून अंगाला किती गरम वाटतं ते. तर वहिनींचं यंत्र भर दोन वाजता तापमान दाखवतंय ३३! त्यांनी लगेच टाकलं, "आमच्याकडे झाडं आहेत, त्यामुळे गारवा असतो." झाडं कसली, गॅलरीतल्या कुंड्या, त्यातल्या एकीत कढीपत्ता, तोही... जाऊ दे. काकांनी खाली लिहिलं, "काहींच्या घरी महाबळेश्वर असतं." झालं! वहिनी तडक ग्रुप सोडून गेल्या.

तर काय सांगत होते... हां, ती मुलगी. आमच्या वरच्या खोलीतली भाडेकरू, विद्यापीठात फिजिक्स करते, चष्मेवाली. शेवटी दोघांनी तिला पंच नेमलं. पोरगी आली, चहा घेतला, आणि यंत्र कुठल्या कंपनीचं, कितीला पडलं, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "काका, लावलाय कुठे?"

काका ऐटीत गच्चीवर घेऊन गेले. मीही गेले, आमची गच्ची लागूनच, कुरडया उलटायच्या होत्याच. बघते तर काय, टाकीच्या पश्चिमेच्या भिंतीला खिळा, खिळ्याला सेन्सर, वर काळी टाकी, खाली तापलेला कोबा, आणि हातभर अंतरावर एसीचं बाहेरचं युनिट गरम हवा फेकतंय. मुलगी म्हणाली, "हे हवेचं तापमान नाही काका. हे भिंतीचं आणि एसीचं. शिवाय सेन्सरवर थेट ऊन पडलं की तो स्वतःच तापतो, मग तो हवेचं सोडून स्वतःचंच सांगत बसतो." काकांचा चेहरा असा उतरला, असा उतरला, की मला कुरडया सुचेनात.

मग तिने वेधशाळेतल्या पेटीचं सांगितलं. पांढरी लाकडी, चार पायांवर उभी, चारी बाजूंना तिरक्या पट्ट्यांच्या झडपा. ऊन आत नाही, वारा मात्र आरपार. दार उत्तरेकडे, म्हणजे उघडलं तरी उन्हाचा कवडसा आत जाऊ नये. जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर, खाली माती नाहीतर गवत, कोबा नाही. स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश माणसाची ती पेटी. अहो, 'ट्रेझर आयलंड'वाला स्टीव्हन्सन माहितीय ना, त्याचे वडील! बाप दीपगृहं बांधणारा इंजिनिअर आणि मुलगा चाच्यांच्या गोष्टी लिहितो. त्या घरात काय वाद झाले असतील, कल्पना करा...

हं, तर काका. काका हरतात होय? म्हणाले, "मग नागपूरला सरकारी यंत्रानेच ५६ दाखवलं होतं ते?" पोरीने शांतपणे मान हलवली. ते ३० मे २०२४ चं, रामदासपेठेचं. तेव्हा नागपुरातच दुसरी केंद्रं चव्वेचाळीसच्या आसपास दाखवत होती, आणि हवामान खात्यानेच सांगितलं की सेन्सर बिघडला होता. आदल्या दिवशी दिल्लीत मुंगेशपूरला ५२.९, टीव्हीवर नुसता गोंधळ, आणि तपासल्यावर निघालं की तो सेन्सरसुद्धा तीनेक अंश जास्त दाखवत होता. "त्यांना निदान शेजारचं केंद्र ताडून बघता आलं," एवढंच म्हणाली ती. पुढचं काकांना कळलं.

वहिनी तोवर जिन्यात उभ्या, गालातल्या गालात हसत. "चला, आता तुमचा बघू," म्हटल्यावर हसू जागच्या जागी थांबलं. वहिनींचा सेन्सर स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला. हॉलमध्ये कूलर जोरात, आणि कूलर लावला की एक खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर घर चिकचिकतं. ती उघडी खिडकी म्हणजे हीच! स्क्रीनवर दमटपणा ६८ टक्के. आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारी ६८? ओठ फुटतात हो! मुलगी म्हणाली, "वहिनी, हा बाहेरची हवा मोजत नाहीये, तुमच्या कूलरची मोजतोय." वहिनींनी एकदम सरबताचं विचारलं सगळ्यांना. वाळ्याचं.

मग पोरगी कॅलेंडरच्या मागे आकडे मांडायला लागली. सावलीत तापमान ४० असू द्या. दमटपणा १५ टक्के असेल तर हीट इंडेक्स येतो ३८. तोच दमटपणा ४० टक्के केला की ४८! तापमान तेच हं. दमटपणाचा आकडा चुकला की पुढचं सगळंच गेलं. काका म्हणे, "३८? चाळिसाच्या खाली? मग काय स्वेटर घालू?" तर पोरगी म्हणाली, ते गणित १९७९ मध्ये स्टेडमन नावाच्या माणसाने बसवलं, सावलीत चालणाऱ्या, वाऱ्याची झुळूक लागणाऱ्या माणसासाठी. उन्हात उभं राहिलात तर आठेक अंशांपर्यंत वर धरा. आणि कोरड्या हवेत घाम दिसतच नाही, आला तसा उडतो, त्यामुळे पाणी कमी पडतंय हे माणसाला उमगत नाही. मला आपलं ते खारघरचं आठवलं, २०२३ च्या एप्रिलमधलं, महाराष्ट्र भूषणच्या सोहळ्याचं, उष्माघाताने माणसं गेली ते. पारा आपल्या मेपेक्षा कमीच असेल, पण समुद्राकाठची दमट हवा आणि डोक्यावर ऊन... क्षणभर कुणीच बोललं नाही.

मग दमटपणाचा आकडा पडताळायला मिठाचं केलं. अहो, मजाच! झाकणात मीठ घ्यायचं, थेंबथेंब पाणी घालून ओलं करायचं, विरघळवायचं नाही. ते झाकण आणि सेन्सर घट्ट बरणीत शेजारी शेजारी, एकमेकांना न शिवता, रात्रभर. आत दमटपणा ७५ टक्क्यांवर येऊन थांबतो म्हणे, कुणाचंही मीठ असो. सकाळी काकांचं यंत्र ६९, वहिनींचं ७७. वहिनी म्हणाल्या, "मी दोननेच चुकले." काका पेपर वाचायला लागले, उलटा.

आणखी एक गंमत. दोन्ही सेन्सर तिने आमच्या गॅलरीत शेजारी शेजारी ठेवले. उजाडायच्या आधी दोघांचे तापमानाचे आकडे जवळजवळ सारखे, काही दशांश इकडेतिकडे. ऊन आलं की मगच भांडण. म्हणजे यंत्रं वाईट नव्हतीच, जागा वाईट होत्या.

आता काय केलंय, तर कुंडीखालच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या ताटल्या पालथ्या एकावर एक, मध्ये बोटभर फट ठेवून, लांब स्क्रूंवर ओवल्या. वरची अख्खी, मधल्यांना भोक, भोकात सेन्सर. अशी दोन करून दोन्ही घरांमधल्या मातीच्या पट्टीत, भिंतींपासून लांब, एकाच खांबावर छातीच्या उंचीला बसवली. दुपारी एकाचं ४१.३, दुसऱ्याचं ४१.६. पेपरातलं चिकलठाणंही तिथंच जवळपास. काकांना इतकं कमी बघवेना, दोनदा बॅटरी काढून घातली त्यांनी.

वहिनींना मी ग्रुपवर परत घेतलं. आता नवीनच सुरू झालंय. काका म्हणतात खांब त्यांच्या हद्दीत, म्हणून रोजचा आकडा टाकणार तेच. टेप घेऊन मोजलंसुद्धा. वहिनी म्हणतात ताटल्या त्यांच्या, त्यांच्या कुंड्या गळतायत गॅलरीभर. मी म्हटलं, मीठ माझं होतं. अहो हसता काय, ग्रुपची अॅडमिन मीच आहे!