आधी घ्या, मग जोडा

सततच्या निवडणुकांनी देश बेजार झालाय, असं ज्यांना वाटतं त्यांनी गेली काही वर्षं छत्रपती संभाजीनगरात काढायला हवी होती. तिथं महापालिकेची निवडणूक झाली एप्रिल २०१५ मध्ये, आणि त्यानंतरची थेट १५ जानेवारी २०२६ ला. तेव्हा तिसरीत असलेली पोरं या वेळी रांगेत उभी राहून मत देऊन आली. नवी मुंबईचं तेच, कल्याण-डोंबिवलीचं जवळपास तेच. नगरसेवकाची मुदत पाच वर्षं आणि त्याहून एक दिवसही जास्त नाही, असं ७४ वी घटनादुरुस्ती सांगते. ते आपण पाळलं. नगरसेवकाला एक दिवसही जास्त दिला नाही. त्याच्या जागी दुसरा निवडायचा असतो, एवढंच राहून गेलं.

आता म्हणे सगळ्या निवडणुका जोडायच्या. लोकसभा, विधानसभा, आणि जमलं तर पालिका-पंचायतीही. एकदाचं उरकून टाकायचं, म्हणजे मग पाच वर्षं निवांत विकास. माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या समितीने १४ मार्च २०२४ ला १८,६२६ पानांचा अहवाल दिला. त्यातली शिफारस अशी, की लोकसभा-विधानसभा एकत्र घ्याव्यात आणि त्यानंतर शंभर दिवसांच्या आत स्थानिक संस्थांच्या. शंभर दिवस! सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला महाराष्ट्राला सांगितलं, चार महिन्यांत निवडणुका घ्या. चार महिने म्हणजे एकशे वीस दिवस. तेही पुरले नाहीत. सप्टेंबरात पुन्हा न्यायालयात जाऊन हात जोडले: यंत्रं कमी आहेत, कर्मचारी मिळत नाहीत, शाळांत परीक्षा आहेत. मग ३१ जानेवारी २०२६ ची मुदत मिळाली. त्यातही डिसेंबरात नगरपालिका, जानेवारीत महापालिका आणि जिल्हा परिषदा त्याच्याही पुढे, असे तुकडे पाडावे लागले. नगरपालिकांत तर २ डिसेंबरला मतदान झालं आणि निकाल लागला २१ डिसेंबरला. एक निवडणूक ज्यांना एका दमात घेता येत नाही, त्यांना सगळ्या एकदम घ्यायच्यात. सायकलवर तोल राहत नाही म्हणून ट्रकचं लायसन मागण्यातला हा प्रकार.

खर्च वाचेल म्हणतात. वाचेलही, सरकारचा. उमेदवाराचा कसा वाचणार ते कुणी सांगत नाही. मुंबईत नगरसेवकपदाच्या उमेदवाराला पंधरा लाखांची मर्यादा आहे. एवढ्या पैशांत वाढदिवसाचे बॅनर तरी धड होतात का, हे कुठल्याही गल्लीतल्या कार्यकर्त्याला विचारा. अर्थात हिशेबात ते पंधरा लाखांच्या आतच बसतात. हिशेबाचं काम फार चोख असतं.

आणि आचारसंहिता! कामं खोळंबतात, फायली अडतात, हा जोडवाल्यांचा सगळ्यात लाडका मुद्दा. बरं. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. त्यानंतर पावणेचार वर्षांहून जास्त काळ सभागृह नाही, स्थायी समिती नाही, विरोधी पक्षनेता नाही. कामात खोडा घालणारं कुणीच नाही. आयुक्तच प्रशासक. अर्थसंकल्प सादर व्हायचा तो असा: अतिरिक्त आयुक्त आपल्याच साहेबांना जाडजूड पुस्तक देणार, साहेब आयुक्त या नात्याने ते तयार करवून घेणार आणि प्रशासक या नात्याने मंजूर करणार. मधोमध फोटो. २०२५-२६ चा आकडा होता ७४,४२७ कोटी. एवढ्या पैशांवर ‘हे कशाला?’ असं विचारायला निवडून आलेला एकही माणूस त्या इमारतीत नव्हता. या सुवर्णकाळात रस्ते गुळगुळीत झाले असतील, नाले तळापर्यंत साफ झाले असतील, तर आचारसंहितेवरचा आरोप आपण मान्य करू. मुंबईकरांनी आपापल्या नाल्यात डोकावून बघावं. पावसाळ्यात डोकावायचीही गरज पडत नाही, नालाच घरात येतो.

जोडवाल्यांच्या पोतडीतला मतदान वाढण्याचा मुद्दा मात्र वजनदार आहे, तो नाकारून चालणार नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसला महापौराची निवडणूक आडवर्षी व्हायची, २०१७ मध्ये जेमतेम वीस टक्के लोक फिरकले. पुढे त्यांनी ती मोठ्या निवडणुकांच्या वर्षात नेली आणि २०२२ मध्ये मतदान दुपटीच्या वर गेलं. झालं की सिद्ध! तिथं झालं. आपल्याकडे गंगा उलटी वाहते. जानेवारी २०२१ मध्ये, करोनाची मुखपट्टी तोंडावर असताना, हजारो ग्रामपंचायतींना जवळपास ऐंशी टक्के मतदान झालं. विधानसभेला नोव्हेंबर २०२४ मध्ये, एवढी हवा तापवून, सहासष्ट. इथं निवडणूक जितकी लहान तितकी रांग मोठी, कारण समोर उभा असलेला एक तर भाऊबंद असतो नाही तर बांधाचा वैरी, आणि दोघांनाही पाडायची मजा काही और असते. राहिली मुंबई. तिथं १५ जानेवारीला सुमारे त्रेपन्न टक्के मतदान झालं आणि विधानसभेलाही त्याच्या दोन-तीन टक्के इकडंतिकडंच होतं. मुंबईकर कुठल्याच निवडणुकीत दुजाभाव करत नाही. जोडा किंवा तोडा, निम्मे घरीच.

बरं, सगळ्या एकाच दिवशी जोडल्याच समजा. मतदानाच्या खोलीत काय होईल? आत्ताच चार सदस्यांच्या प्रभागात मतदार चक्रावतो. अ, ब, क, ड, प्रत्येकाची मतपत्रिका वेगळ्या रंगाची आणि चारही दाबल्याशिवाय मत पुरं होत नाही. आजी एक बटण दाबून, समाधानाने पदर सावरून निघतात, तेवढ्यात टेबलामागून मास्तर ओरडतात, ‘‘आजी, अजून तीन राहिली!’’ आजी म्हणतात, ‘‘माझा माणूस झाला की, बाकीची तुम्ही दाबा.’’ यात विधानसभा आणि लोकसभा मिसळा, शहरात झाली सहा बटणं. गावात जिल्हा परिषद, पंचायत समिती, सरपंच, ग्रामपंचायतीच्या प्रभागात तीन सदस्य असतील तर ते तीन, वर आमदार-खासदार: आठ. त्यात लोकसभा-विधानसभा एका आयोगाच्या ताब्यात, स्थानिक निवडणुका दुसऱ्याच्या. आत्ताही दुबार नावांबद्दल विचारायला गेलं, की राज्य आयोग म्हणतो, यादी विधानसभेची, आम्ही फक्त प्रभागात वाटली. एकत्र आले तर एकाच खोलीत शेजारी शेजारी बसून एकमेकांकडे बोट दाखवतील, मतदाराचा हेलपाटा तेवढा वाचेल. या वेळी बोटावरची मार्करची शाई पुसली जाते म्हणून ओरड झाली, आयोग म्हणाला, पुसली जात नाही. सगळं एका दिवशी झालं, तर ज्यांची पुसली जाते त्यांना ती एकदाच पुसावी लागेल. काटकसर म्हणतात ती हीच.

पण माझी खरी काळजी वेगळी आहे. ती आपल्या नेत्यांची. राज्यात जे मांडीला मांडी लावून बसतात, ते पालिकेत एकमेकांच्या उरावर बसतात, ही सोय पाच वर्षांत एकदा तरी लागतेच. मुंबईत भाजप आणि शिंदेसेना गळ्यात गळे घालून, खाडी ओलांडून नवी मुंबईत गेलं की तेच दोघे बाह्या सरसावून. पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये दोन्ही राष्ट्रवादी एकत्र येऊन भाजपशी लढल्या, त्यातली एक त्याच वेळी भाजपबरोबर मंत्रिमंडळात होती. अंबरनाथला निकालानंतर भाजप आणि काँग्रेसचे नगरसेवक एका आघाडीत सापडले. अकोटला तर भाजप आणि एमआयएम. वरून डोळे वटारले गेले, काँग्रेसने अंबरनाथचे आपले बारा जण निलंबित केले, आणि ते लगेच भाजपमध्ये निघून गेले. हे सगळं विधानसभेच्या मतदानादिवशीच करायचं झालं, तर एकाच जीपवरच्या भोंग्यातून काय सांगणार? ‘वर युतीला, खाली युतीला पाडा’? भोंगेवाल्याला वेगळा भत्ता द्यावा लागेल. डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत आलेल्या १२९ व्या घटनादुरुस्ती विधेयकात पालिका-पंचायतींना हातच लावलेला नाही. त्यासाठी निम्म्या राज्यांची संमती लागते, हे कागदावरचं कारण. मला वाटतं, कुणीतरी शहाण्याने अंबरनाथची आगाऊ कल्पना दिली असावी.

जोडण्यातून नुकसान होणारा आणखी एक घटक आहे आणि त्याचा विचार त्या १८,६२६ पानांत कुठं झाला असेल असं वाटत नाही. लोकसभेला सत्ताधाऱ्यांनी मार खाल्ला आणि जून २०२४ च्या अखेरीला लाडकी बहीण आठवली, कारण जेमतेम पाच महिन्यांवर विधानसभा होती. महापालिकेचं मतदान संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आलं, तर जानेवारीचा हप्ता आगाऊच द्यायची घाई झाली, आयोगाला मध्ये पडून तो थांबवावा लागला. म्हणजे मतदान जवळ आलं की भावाला बहीण आठवते, हा शिरस्ता पडलाच आहे. सगळ्या निवडणुका एका दिवशी उरकल्या, तर भाऊबीज पाच वर्षांतून एकदाच येणार. बहिणींना विचारलंय का कुणी?