घुमणारी फॅमिली रूम

शहापूरजवळ मुंबई-नाशिक महामार्गावरच्या जुन्या धर्तीच्या ढाब्याला भिंतीच नसत. आवाज थेट शेतात जाई. हार्वर्डच्या वॉलेस सॅबाइनने 1895 नंतर ध्वनिशोषण मोजताना उघडी खिडकीच एकक धरली, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. म्हणजे ढाबा पूर्ण शास्त्रशुद्ध होता, मालकाला तेवढा पत्ता नव्हता. पुढे प्रगती झाली: काचा, चकचकीत टाइल्स, ‘एसी फॅमिली रूम’. टाइल आवाज जवळपास शोषतच नाही. सगळा परत गिऱ्हाइकाच्या ताटात. टीव्ही मोठा, म्हणून गिऱ्हाईक मोठ्याने, म्हणून वेटर त्याहून मोठ्याने ओरडतो. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी 1911 साली नोंदवलेला परिणाम तो हाच. गवताचे छप्पर, उघडी पडवी हा उतारा स्वस्तातला. पण तो आता रिसॉर्टातच, ‘गावरान थीम’ म्हणून, जादा दराने मिळतो.