कुत्र्याने सोफा खाल्ल्यास करावयाची कार्यवाही

प्रस्तुत मार्गदर्शिका ज्या घरातला कुत्रा कालपर्यंत सज्जन होता, त्या घरासाठी आहे. चार वर्षांचा, इमानी, पाहुण्यांना पंजा देणारा, जेवणाऱ्यांच्या ताटाकडे (निदान चारचौघांत) न बघणारा हा कुत्रा एका मंगळवारी दुपारी सोफ्याची डावी बाजू आतल्या फोमसकट उघडी करून ठेवतो. संध्याकाळी लॅच उघडून आत आलेला कुटुंबप्रमुख उंबऱ्यातच थिजतो. त्या गृहस्थाने पुढे काय करावं, याविषयी सुस्पष्ट नियमावली आजवर उपलब्ध नव्हती. ती उणीव येथे दूर करण्यात येत आहे.

पिल्लांना या नियमांतून सूट आहे. पिल्लाचे दुधाचे 28 दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत 42 पक्के दात येतात. मधल्या काळात हिरड्या शिवशिवतात आणि पिल्लू टेबलाच्या पायापासून आजोबांच्या पायापर्यंत मिळेल तो पाय चावून बघतं. पुढे दीडेक वर्षाचं होईपर्यंत तारुण्यातली दुसरी लाट येते, तीही अपेक्षितच. फक्त तोवर जबडा मोठा झालेला असतो आणि नुकसान हजारांत मोजावं लागतं. आपला विषय मात्र प्रौढ, नावाजलेला, गेल्या दोन वर्षांत चपलेकडे ढुंकूनही न बघितलेला कुत्रा हा आहे.

उंबऱ्यात उभ्या असलेल्या माणसाने सर्वप्रथम आपलं तोंड बंद ठेवावं. कुत्र्याचं बंद ठेवण्याची वेळ टळून गेलेली असते.

त्यानंतर पंचनामा. घटनास्थळ झाडून घेण्याची घाई घरातली एक तरी व्यक्ती करतेच, कारण 'कोणी आलं तर काय म्हणेल'. तिच्या हातातल्या केरसुणीचा ताबा घ्यावा. सगळे तुकडे जुन्या वर्तमानपत्रावर मांडून मूळ वस्तू जुळवून बघावी. हे पोरकट वाटेल, पण चप्पल जुळवून झाल्यावर अंगठा कुठेच सापडत नसेल तर तो कुत्र्याच्या पोटात आहे, आणि या मार्गदर्शिकेतली थट्टा तेवढ्यापुरती थांबली आहे. मोजा, फोम, चपलेचा पट्टा, खेळण्यातला कापूस आतड्यात अडकू शकतो. वारंवार उलट्या, अन्नाला तोंड न लावणं, शी न होणं, पाठीची कमान करून अवघडून उभं राहणं, यांतलं काही दिसलं तर रात्रीचे अकरा वाजले असले तरी पशुवैद्य गाठावा. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नये. त्याचं दुसरं टोक आत कुठेतरी अडकलेलं असतं आणि ओढलेला दोरा आतडं कापत येतो. रिमोट किंवा मुलांचं खेळणं फुटलं असेल तर त्यातला सेल शोधून काढल्याशिवाय कोणी चहा मागू नये. बटणासारखा चपटा सेल अन्ननलिकेत अडकला तर काही तासांत ती आतून भाजून काढतो. कपाटातल्या डांबरगोळ्या, फराळाच्या डब्यातले बेदाणे, चॉकलेट, माळ्यावर ठेवलेलं उंदराचं औषध, यांपैकी काहीही गेल्याची शंका आली तर वेष्टन बरोबर घेऊन दवाखान्यात जावं. शेजारच्या काकू मिठाचं पाणी पाजून उलटी काढा म्हणतील. काढू नये, मीठच बाधतं.

पोटात काही गेलेलं नाही अशी खात्री पटली की कुटुंबाची सभा भरते आणि 'हेतू' या विषयाला तोंड फुटतं. इथे बहुतेक घरांत दुर्मीळ एकमत दिसून येतं: मुद्दाम केलंय. सून म्हणते, रविवारी आंघोळ घातली ना, त्याचा राग. सासूबाई म्हणतात, आपण सगळे लग्नाला गेलो आणि याला ठेवून गेलो, त्याचा सूड. पुरावा म्हणून आरोपीच्या चेहऱ्याकडे बोट दाखवलं जातं. कान मागे, मान खाली, डोळ्यांचे पांढरे कोपरे दिसतायत, शेपूट पोटाखाली. "बघा, बघा, कळतंय त्याला काय केलंय ते!"

न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात शिकवणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी या कबुलीजबाबाची उलटतपासणी केली. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात 14 कुत्रे होते. मालकाने समोरचा खाऊ खायची मनाई करून खोलीबाहेर जायचं, आणि परत आल्यावर कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही हे त्याला सांगितलं जायचं. कधी खरं, कधी चक्क खोटं. निष्कर्ष असा निघाला की अपराधी चेहऱ्याचा कुत्र्याच्या अपराधाशी काही संबंध नव्हता. मालक रागावला की तो चेहरा व्हायचा. काहीही न करता बोलणी खाणाऱ्या कुत्र्यांचा चेहरा तर सर्वांत जास्त अपराधी दिसला. (आपल्याकडच्या कुठल्याही कार्यालयात ही गोष्ट पूर्वापार ठाऊक आहे, प्रयोग करायचं तेवढं राहून गेलं.)

थोडक्यात, तो चेहरा म्हणजे तुमच्याच चेहऱ्याला दिलेलं उत्तर आहे. सोफा दुपारी दोनला खाल्ला आणि शिक्षा संध्याकाळी सातला झाली, तर कुत्रा पाच तास मागे जाऊन हिशेब लावत नाही. त्याच्या लेखी ती शिक्षा तुमच्या घरी येण्याची असते. उद्यापासून लॅचचा आवाज आला की तो धास्तावेल, आणि धास्तावलेला कुत्रा मन शांत करायला जे करतो त्यात चावणं हा एक प्रमुख कार्यक्रम आहे. मारझोडीबाबत कायदाही आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमातल्या कलम 11 नुसार पहिल्या गुन्ह्याला किमान 10 आणि कमाल 50 रुपये दंड आहे. मारायला उगारलेल्या चपलेची किंमत याहून जास्त असल्याने धाक कितपत बसेल याबद्दल शंका आहे, पण तावातावाने उठलेल्या आजोबांना खाली बसवण्यापुरतं कलम पुरतं.

हेतूचा विषय असा निकालात काढल्यावर पुराव्याकडे वळावं. काय खाल्लं आणि कुठलं खाल्लं, यात जवळजवळ सगळं उत्तर असतं. दाराची चौकट, दारापाशचं पायपुसणं, खिडकीची कड कुरतडलेली असेल, जमिनीवर लाळेची थारोळी असतील, तर कुत्र्याला एकटं राहणं सोसत नाहीये. हा प्रकार बहुधा तुम्ही गेल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात सुरू होतो. जुना मोबाइल फडताळात उभा करून चित्रण सुरू ठेवावं आणि कामावर जावं. संध्याकाळी ते बघताना घरातल्या कठोर माणसांचाही घसा दाटतो, म्हणून बघताना पाणी जवळ असू द्यावं. समोरच्या फ्लॅटमधले काका "तुमचा कुत्रा रडतो हो दिवसभर" असं जिन्यात ऐकवतात, तेव्हा भांडू नये. ते फुकट मिळालेलं वैद्यकीय निरीक्षण आहे. "किती वाजता सुरू होतं हो, काका?" एवढंच विचारावं; त्यांना वेळ मिनिटासकट पाठ असते.

चष्मा, रिमोट, मोजे आणि ज्यांचा उल्लेख चारचौघांत होत नाही असे कपडे खाल्ले गेले असतील, तर त्यांना तुमच्या घामाचा आणि हातांचा वास सगळ्यात जास्त असतो, एवढंच त्याचं रहस्य. सोफा, उशा, कोपऱ्यातली कुंडी असा सर्वपक्षीय विध्वंस असेल तर कंटाळा. भिंतीचा चुना, माती, खडे खात असेल तर पोट किंवा रक्त तपासून घ्यावं. एकाच बाजूने चावत असेल, तोंडाला घाण येत असेल, तर दात दुखत असण्याची शक्यता मोठी. खाज थांबावी म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू असतील तर त्यांनी भूक प्रचंड वाढते. सोफा त्याला सोफा वाटतच नाही. म्हातारपणी बुद्धीची घडी विस्कटल्यानेही हा प्रकार सुरू होतो. दहा-बारा वर्षांच्या कुत्र्याने अचानक नवी खोड काढली तर शिस्तीच्या आधी डॉक्टर.

लॅब्रॅडॉरवाल्यांसाठी खास खुलासा. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 साली दाखवून दिलं की साधारण दर चार लॅब्रॅडॉरमागे एकात एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि त्याचा संबंध अन्नाच्या अतोनात ओढीशी आहे. तेव्हा "आमचा सारखा भुकेलेलाच असतो" हे वाक्य यापुढे सबब न मानता वैज्ञानिक विधान मानलं जावं.

आता खरी चौकशी. ती कुत्र्याची नसून कुटुंबाची आहे, त्यामुळे ती टाळण्याकडे कल असतो. प्रश्न एकच: गेल्या महिन्याभरात घरात काय बदललं? पहिलं उत्तर ठरलेलं: "काही नाही." मग हळूहळू बाहेर येतं. वहिनींचं घरून काम संपलं आणि कंपनीने आठवड्यातून चार दिवस बोलावलं. आजी, जिच्या पायाशी तो दुपारभर झोपायचा, ती दोन महिन्यांसाठी गावी गेली. थोरला शिकायला जर्मनीला गेला आणि त्याच्या खोलीचं दार बंद झालं. वरच्या मजल्यावर नव्या बाथरूमसाठी दहा ते सहा ड्रिल चालतं. मागच्या मैदानात ढोलपथकाचा सराव सुरू झाला. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे पाऊस लागला. जून ते सप्टेंबर मुंबई-पुण्याकडच्या कुत्र्याचं बाहेरचं जग पार्किंगच्या खांबापुरतं उरतं.

या मुद्द्यावर कुटुंबप्रमुखाची साक्ष काढावी.

"याला फिरवून आणता ना रोज?"

"रोज. सकाळ-संध्याकाळ."

"किती वेळ?"

"असेल की वीस-पंचवीस मिनिटं."

इथे वॉचमनला साक्षीदार म्हणून बोलवावं. सहा-सात मिनिटं, त्यातली चार फोनवर, आणि कुत्र्याने झुडपापाशी नाक नेलं की "चल, चल" म्हणून पट्टा ओढलेला, असं निष्पन्न होतं. कुत्र्यासाठी फिरणं म्हणजे हुंगणं; पाय नुसते नाकाला तिथवर पोचवायला असतात. दिवसभरातला तेवढा एकच कार्यक्रम कापला तर उरलेला वेळ तो सोफ्यात भरणार. या लेखकाच्या मते अचानक बिघडलेल्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांचं वेळापत्रक आधी बिघडलेलं असतं, आणि ते त्यांनी स्वतः केलेलं नसतं.

उपाय थोडे आहेत आणि कंटाळवाणे आहेत. कुत्र्याला चावण्याचा वैध परवाना द्यावा: रबराची भक्कम खेळणी, थंडगार गाजर, आत खाणं लपवलेला पुठ्ठ्याचा खोका, भिजवलेलं खाणं गुंडाळलेला टॉवेल. जुनी चप्पल मात्र 'तुझी तू घे' म्हणून देऊ नये. जुनी कुठली आणि परवाच घेतलेली कोल्हापुरी कुठली, हे त्याला कळायचा संभव नाही. शिजवलेली हाडं देऊ नयेत, त्यांच्या धारदार चिरफळ्या होतात. अंगठ्याच्या नखाने दाबून ज्यावर खूण उठत नाही ते त्याच्या दातांनाही जड आहे. अशा वस्तूंनी वरची मोठी दाढ फुटते आणि मग सोफा स्वस्त होता असं वाटतं. तोंडातली वस्तू हिसकावू नये, चिकनचा तुकडा दाखवून सौदा करावा. संत नामदेव पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, अशी कथा आहे. तुपाचं प्रमाण सोडल्यास पद्धत शास्त्रशुद्ध आहे.

एकटेपणाचा त्रास असेल तर कुटुंबप्रमुखाने रोज थोडं नाटक करावं. किल्ल्या उचलायच्या, चपला घालायच्या आणि सोफ्याच्या उरलेल्या भागावर बसायचं. मग दाराबाहेर काही क्षण, मग थोडं जास्त, कुत्रा शांत असेतोवरच. वाढवत न्यायला आठवडे लागतात. शेजारचे विचारतात, "काय हो, किल्ली विसरलात?" हो म्हणावं. बाथरूममध्ये कोंडणं हा उपाय नाही. घाबरलेला कुत्रा दाराशी झटून नखं आणि दात मोडून घेतो. त्रास जास्त असेल तर पशुवैद्य औषधं देतात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

शेवटी नातेवाईकांच्या सल्ल्यांविषयी. "सोफ्याला मिरचीपूड लावा" याने कुत्र्याच्या आधी पाहुणे उठतात, आणि पूड त्याच्या डोळ्यांत जाते ती वेगळीच. दुकानात कडू फवारा मिळतो, तो काही कुत्र्यांवर चालतो, काहींना आवडतो. "लग्न लावून द्या त्याचं, शांत होईल" हा सल्ला माणसांच्या बाबतीतही फारसा लागू पडल्याचं दिसत नाही. "फार्महाउसवर सोडून या" म्हणणाऱ्या मेव्हण्याला जेवायला बोलवावं आणि सोफ्याच्या डाव्या बाजूला बसवावं.

आणि एक विनंती. नवा सोफा एवढ्यात घेऊ नका. आधी पावसाळा संपू द्या, फेरी पूर्ववत होऊ द्या, आजी गावाहून येऊ द्या. पाठोपाठ दिवाळीचे फटाके येतात आणि बिचकलेले कुत्रे तेव्हा पुन्हा चावायला घेतात. म्हणून खरेदी तुळशीचं लग्न उरकल्यावरच करावी, आणि तीही डाव्या-उजव्या बाजू सुट्या मिळत असतील अशाच दुकानातून.